हाउसबोटवर एक रात्र की दोन? नाशिकहून केरळला निघालेल्या एका कुटुंबासाठी

प्रश्न असा आला आहे: "दिवाळीच्या सुट्टीत नाशिकहून केरळला निघालोय. आम्ही दोघं, आई-बाबा (वय ६८ आणि ७३, बाबांच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय), मुलगी ९ वर्षांची आणि मुलगा ४. ट्रॅव्हलवाल्याने अलेप्पीला हाउसबोटवर सलग दोन रात्री सुचवल्यात. नातेवाईक म्हणतात, कुमरकम घ्या. आई पूर्ण शाकाहारी, त्यात खोबरेल तेलातलं जेवण तिला जात नाही. दोन रात्री घ्याव्यात का? आणि चार वर्षांच्या पोराला घेऊन पाण्यावर राहणं कितपत सुरक्षित आहे?"

आधी उत्तर देतो. हाउसबोटवर एकच रात्र घ्या. दुसरी रात्र त्याच भागात काढा, पण जमिनीवर, एखाद्या घरगुती होमस्टेमध्ये. वीसेक वर्षं मी नाशिकहून माणसं घेऊन केरळला जातोय. एका रात्रीनंतर "अजून एक हवी होती" म्हणणारे मला मोजकेच भेटले. दोन रात्री काढून दुसऱ्या संध्याकाळी "आता काय करायचं?" असं विचारणारे मात्र पुष्कळ.

कारण साध्या हिशोबात आहे. बोटीवर चढायची वेळ दुपारी १२ ची, उतरायची सकाळी ९ ची. म्हणजे २१ तास. त्यातले बोट चालते ते किती? दुपारी जेवणासाठी तासभर एखाद्या काठाला लावतात. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास बोट बांधून ठेवावीच लागते, कारण त्यानंतर ते पाणी मच्छीमारांचं असतं. रात्री त्यांची जाळी पसरलेली असतात, त्यावरून इंजिनाची बोट नेता येत नाही. सकाळी नाश्त्याच्या वेळी पुन्हा तासभर फिरवून धक्क्याला आणतात. सगळं धरून पाच तास. "रात्री चांदण्यात तरंगत जाणार" हे चित्र डोक्यात असेल तर ते आत्ताच काढून टाका. रात्री तुम्ही नारळाच्या झाडाला बांधलेल्या खोलीत झोपणार आहात. खोली छान असते, नाही असं नाही.

दोन रात्रींच्या पॅकेजमध्ये मधला अख्खा दिवस असतो आणि तिथेच मेख आहे. त्या दिवशी जेवढं जास्त फिरवाल तेवढं डिझेल मालकाच्या खिशातून जातं. म्हणून बहुतेक बोटी तेच पाणी पुन्हा दाखवतात आणि उरलेला वेळ काठाला लावून ठेवतात. मोठी माणसं मोबाइलमध्ये डोकं घालतात. चार वर्षांचा मुलगा ४५ तास एका लाकडी कठड्याच्या आत काय करणार, हे तुम्ही मला सांगायची गरज नाही.

आता थोडं मागचं सांगतो, म्हणजे पैसे कशाचे मोजताय ते कळेल. आपल्या नाशिककरांची एक गंमत आहे. 'बॅकवॉटर' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गंगापूर धरणाचा फुगवटा येतो, बोट क्लब येतो. केरळात हा शब्द धरणाचा नाही. तिकडे त्याला 'कायल' म्हणतात. डोंगरातून येणाऱ्या नद्या समुद्राजवळ पसरतात, मध्ये वाळूचा लांबट पट्टा आडवा येतो आणि आत गोड्या-खाऱ्या पाण्याचं सरोवर साठतं, ते कायल. सगळ्यांत मोठं वेंबनाड, भारतातलं सर्वांत लांब सरोवर. पंपा, मीनच्चिल, मणिमला, अच्चनकोविल या नद्या त्यालाच मिळतात. त्याच्या दक्षिणेकडचा सगळा भाताचा मुलूख म्हणजे कुट्टनाड. तिथली काही शेतं समुद्रसपाटीच्या सव्वा ते तीन मीटर खाली आहेत. बांध घालून पाणी उपसायचं आणि तळाशी भात लावायचा. बोटीतून जाताना पाणी वर आणि शेत खाली दिसतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला काहीतरी चुकतंय असंच वाटतं. या शेतीपद्धतीला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ साली जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशात स्थान दिलं. निफाड-दिंडोरीकडच्या शेतकऱ्यांचा ग्रुप असला की माझी बोट इथे हमखास अर्धा तास अडकते. पंप किती एचपीचा, बांध कोण राखतं, भाताला भाव काय, सगळी चौकशी होते आणि सारंगाला भाषांतर करता करता घाम फुटतो.

सारंग हा शब्द मुद्दाम वापरला. बोट चालवणाऱ्याला तिकडे 'स्रांक' म्हणतात. आपल्या कोकणातला सारंग तोच. एवढं बोललात तरी माणूस खुलतो.

हाउसबोटीचं मूळ नाव केट्टुवळ्ळम. केट्टु म्हणजे बांधणं, वळ्ळम म्हणजे होडी. अंजिली नावाच्या फणसाच्या कुळातल्या झाडाच्या फळ्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवायच्या, खिळा वापरायचा नाही आणि वरून काजूच्या टरफलांचं उकळलेलं काळं तेल फासायचं, अशी ती घडण. यातून कुट्टनाडचा भात आणि मसाले कोचीला जायचे. रस्ते आणि ट्रक आले तशा या होड्या काठाला पडून राहिल्या. १९९० च्या दशकात कुणाच्या तरी डोक्यात आलं की यावर खोल्या बांधून पर्यटक बसवावेत. आज धक्क्यावर दिसणाऱ्या बऱ्याच बोटी पर्यटनासाठीच बांधलेल्या आहेत, भात कधी त्यांनी वाहिलाच नाही. तरी बांबू आणि चटईची कमान तीच ठेवली आहे. शिवलेल्या फळ्या बघायच्या असतील तर बोटीच्या पुढच्या निमुळत्या टोकाशी वाकून बघा. मुलीला नक्की दाखवा, तिच्या वयाला ही गोष्ट आवडते.

अलेप्पी की कुमरकम? (अलेप्पीचं आजचं नाव आलप्पुळा, रेल्वेच्या तिकिटावर तेच दिसेल.) कुमरकम वेंबनाडच्या पूर्व काठावर आहे. मोठी रिसॉर्ट्स, पक्षी अभयारण्य, समोर मोकळं अफाट पाणी. दिसायला भव्य, पण बोटीतून तासन्‌तास तेच पाणी. आलप्पुळाच्या बाजूला कालवे आहेत, कालव्याच्या काठावर घरं, भांडी घासणाऱ्या बायका, होडीतून शाळेतून परतणारी मुलं, बदकांचे कळप. तुमच्या कुटुंबाला आलप्पुळा बरं. फक्त एक ध्यानात ठेवा. मोठी हाउसबोट अरुंद कालव्यात शिरूच शकत नाही. म्हणून बुकिंग करताना विचारा, "कैनकरी, आर ब्लॉक या बाजूला नेणार की पुन्नमडाच्या मोठ्या पाण्यातच फिरवणार?" नुसतं "फुल बॅकवॉटर क्रूझ, सर" असं उत्तर आलं तर समजा, मोठ्या पाण्यातच फिरवणार. दिवाळीत त्या पुन्नमडावर बोटींची गर्दी द्वारका सर्कलच्या संध्याकाळसारखी असते.

गर्दी अजिबातच नको असेल तर आणखी दक्षिणेला कोल्लमचं अष्टमुडी सरोवर आणि मन्रो बेट आहे. तिथे छोट्या होडीतून कालवे हिंडता येतात. मला स्वतःला ते जास्त आवडतं. पण आई-बाबांना घेऊन तेवढं लांब जाऊ नका.

दिवाळीबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही. आपल्याकडे तेव्हा पाऊस संपलेला असतो. केरळात ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे दुसरा पावसाळा, त्याला ते तुलावर्षम म्हणतात. सकाळ लख्ख असते, दुपारनंतर ढग जमतात आणि संध्याकाळी गडगडाटासह सर येते. बोटीच्या तुमच्या पाच तासांतले बहुतेक नेमके दुपारचेच. पाऊस पडला तर घाबरू नका, उलट चटईच्या छताखाली बसून पाण्यावरचा पाऊस बघणं ही चैन आहे. विजा चमकायला लागल्या तर मात्र बोट काठाला लावायला सांगा आणि मुलांना वरच्या डेकवरून खाली आणा. दुसरं असं की फोटोतली हिरवीगार शेतं दिवाळीत असतीलच असं नाही. त्या सुमारास शेतातलं पाणी उपसून पेरणीची तयारी चाललेली असते. हिरवा गालिचा जानेवारीच्या आसपासचा.

आपले द्राक्षवाले मला दरवर्षी विचारतात, "आम्ही कधी जायचं?" जानेवारी ते मार्च त्यांची काढणी, एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला पुन्हा छाटणी. त्यांना मोकळा वेळ मिळतो तो जुलै-ऑगस्टचा. त्यांना मी भर पावसात नेतो. भाडी निम्म्याच्या आसपास येतात, गर्दी नसते आणि ऑगस्टमध्ये सापनौकांच्या, म्हणजे लांबलचक वल्ह्यांच्या होड्यांच्या, शर्यतीची तालीम बघायला मिळते. नेहरू ट्रॉफीची शर्यत पूर्वापार ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी पुन्नमडा सरोवरात व्हायची, अलीकडे तारीख मागेपुढे होते, ती बघूनच तिकीट काढावं. फक्त पुराच्या बातम्यांवर लक्ष हवं. २०१८ च्या ऑगस्टमध्ये अख्खं कुट्टनाड पाण्याखाली होतं. गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून पुराचा अंदाज बांधणाऱ्या आपल्याला ते वेगळं समजवावं लागत नाही.

आता मुलाचं. या प्रश्नाला मी हसण्यावारी नेणार नाही. ७ मे २०२३ ला मलप्पुरम जिल्ह्यात तानूरला पर्यटकांची बोट उलटून २२ माणसं गेली, त्यात लहान मुलं बरीच होती. ती हाउसबोट नव्हती, पण कारणं लक्षात ठेवण्यासारखी आहेत: क्षमतेपेक्षा जास्त माणसं आणि अंधार पडल्यावरची फेरी. म्हणून दोन गोष्टींवर तडजोड नाही. बोटीच्या परवान्यावर लिहिलेल्या संख्येपेक्षा एकही माणूस जास्त नको आणि सूर्य मावळल्यावर कुणी "चला, एक चक्कर मारून येऊ" म्हणालं तर ठाम नकार. शिकारा असो, स्पीडबोट असो, कुणाचीही असो.

हाउसबोट स्वतः रुंद आणि संथ असते, ती डुलतसुद्धा फारशी नाही. धोका असतो कठड्याचा. काही बोटींना पुढच्या बाजूला, सारंग बसतो तिथे, कठडाच नसतो किंवा मुलाच्या पोटाला लागेल एवढाच असतो. बुकिंगच्या वेळी फोटो नको, व्हिडिओ कॉल करा आणि पुढचा भाग, जिना आणि वरचा डेक दाखवायला सांगा. लाइफ जॅकेट सगळ्यांकडे असतं, पण मोठ्यांच्या मापाचं. चार वर्षांच्या मुलाला ते घातलं तर पाण्यात त्याच्या डोक्यावरून निघून येईल. त्याच्या वजनाचं जॅकेट नाशिकमधूनच घेऊन जा आणि बोट चालू असेपर्यंत अंगातून काढू नका. तो रडेल, रडू द्या. शिवाय घरात ठरवून टाका की कुठल्या तासाला त्याच्यावर नजर कुणाची. सगळे बघतायत असं वाटतं तेव्हा कुणीच बघत नसतं, हे मी एकदा काळजाचा ठोका चुकून शिकलोय. पोरगं फक्त स्वयंपाकघरात आचाऱ्याजवळ जाऊन बसलं होतं, पण ती पाच मिनिटं विसरत नाही.

बाबांच्या गुडघ्यासाठी खरी अडचण चढण्या-उतरण्याची आहे. धक्क्यावर बोटी एकीला एक लागून उभ्या असतात. कधी कधी दोन बोटी ओलांडून आपल्या बोटीत जावं लागतं आणि मध्ये असते एक फळी. मालकाला आधीच सांगा, "ज्येष्ठ माणूस आहे, बोट थेट धक्क्याला लावा." लावतात, फक्त सांगावं लागतं. जिना अरुंद आणि उभा असतो, बाबांनी वर जायचा हट्ट धरू नये. खाली पुढच्या बैठकीतून दिसतं ते वरून दिसण्यापेक्षा चांगलंच असतं. बाथरूमचा उंबरा उंच असतो, रात्री तिथला दिवा चालू ठेवा.

आईंच्या जेवणाचं टेन्शन घेऊ नका. बोटीवर आचारी तुमच्याचसाठी रांधतो, हॉटेलसारखं शंभर जणांचं नसतं. त्यामुळे सांगितलं तर सगळं होतं. एक लिटर शेंगदाणा तेलाची बाटली आणि थोडा गोडा मसाला घेऊन जा, चढल्या चढल्या आचाऱ्याच्या हातात द्या. आईंची भाजी, वरण वेगळ्या भांड्यात करायला सांगा. भात जाड, तांबूस मट्टा तांदळाचा असतो, तो सगळ्यांना रुचत नाही. पांढरा भात हवा हे आदल्या दिवशी फोनवर सांगायचं, कारण सामान सकाळीच भरतात. तुम्ही मासे खात असाल तर करिमीन खा, केळीच्या पानात भाजलेला. वाटेत बोट एखाद्या मासळीच्या टपरीला थांबेल आणि मोठी कोळंबी समोर धरतील. भाव ऐकून दचकू नका आणि संकोचही करू नका. घासाघीस चालते, "नको" म्हणणंही चालते. चार वाजता चहाबरोबर पिकल्या केळ्याची भजी येतील. ती आईंनाही आवडतील, पण कशात तळणार ते आधी विचारा.

पैशांचं आणि फसवणुकीचं. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी ११ जणांना घेऊन गेलो होतो. फोटोत सागवानी, चकचकीत चार खोल्यांची बोट. धक्क्यावर उभी होती ती वेगळीच, गाद्यांना कुबट वास, आणि रात्री दोन वाजता जनरेटर बंद. एजंटचा फोनही बंद. पंख्याविना ११ माणसं डेकवर डास मारत बसली होती आणि प्रत्येक जण माझ्याकडे बघत होता. त्या दिवसापासून मी बोटीचं नाव आणि नोंदणी क्रमांक लेखी घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देत नाही आणि थोडी तरी रक्कम बोट बघेपर्यंत हातात ठेवतो. तुम्हीही तसंच करा. एसी किती वाजता सुरू होणार तेही विचारा. स्वस्त बोटींत तो रात्री ९ ते सकाळी ६ एवढाच चालतो, दुपारी नाही. रात्री बोट कुठे बांधणार हा प्रश्न कुणी विचारत नाही, तुम्ही विचारा. वीस बोटी ओळीने बांधलेल्या असल्या तर शेजारच्या जनरेटरची घरघर आणि कुणाचं तरी स्पीकरवरचं गाणं झोपेपर्यंत सोबत असतं. एकट्या काठाला बांधणारे मालक आहेत, थोडे जास्त घेतात, ते पैसे द्यावेत.

तुम्हा सहा जणांना दोन खोल्यांची बोट पुरेल, मुलांना जादा गादी मिळते. तीन खोल्यांची घेऊ नका. दिवाळीत भाव एरवीपेक्षा चढे असतात आणि नाताळच्या आठवड्यात त्याहून. आणि कृपा करून दुसऱ्या कुटुंबाबरोबर खोली वाटून घेण्याची 'शेअरिंग' बोट घेऊ नका. पुढची बैठक एकच असते, त्यावर कुणी बसायचं यावरून सहलीचा विचका झालेला मी पाहिलाय.

पाणी स्वच्छ असेल अशी अपेक्षा ठेवू नका. गोदावरीत दरवर्षी पाणवेलींचा गालिचा पसरतो, तोच तिकडेही दिसेल. तिथे एक कारण वेगळं आहे. पूर्वी उन्हाळ्यात समुद्राचं खारं पाणी आत शिरायचं आणि वेली मरायच्या. १९७० च्या दशकात भात वाचवण्यासाठी तण्णीरमुक्कमला बंधारा झाला. खारं पाणी थांबलं, वेलींना मोकळं रान मिळालं. त्यात बोटींचं डिझेल आणि सांडपाणी. बोट निवडताना मैल्याची टाकी आहे का, हे विचारणारे गिऱ्हाईक वाढले तर मालकही सुधारतील. मुलांना पाण्यात हात घालू द्या, पोहू देऊ नका.

जायचं कसं, यावर थोडक्यात. नाशिकरोडहून थेट जाणारी मंगला एक्स्प्रेस एर्नाकुलमला सोडते, कोकण रेल्वेने. एक रात्र, एक दिवस आणि वर थोडं. मुलांना ती गाडी आवडेल, बाबांना खालचा बर्थ मिळाला तरच जा. नाहीतर मुंबईहून कोचीचं विमान. विमानतळ आलप्पुळापासून ८५ किलोमीटरच्या आसपास आहे, दुपारी १२ ची बोट गाठायची असेल तर सकाळचं पहिलं विमान, किंवा आदल्या रात्री कोचीत मुक्काम.

आणि दुसरी रात्र. ९ वाजता बोटीवरून उतरलात की कैनकरी किंवा चंपाकुळम बाजूच्या एखाद्या होमस्टेला जा. दुपारी झोपा. संध्याकाळी राज्य जलवाहतूक विभागाच्या साध्या प्रवासी बोटीत बसा. आपली लालपरी जशी गावोगाव थांबते, तशी ती घरोघरच्या धक्क्याला थांबत जाते. तिकीट काही रुपयांचं. मासळीची टोपली घेतलेली बाई, दप्तरं, कोंबड्या, सगळं त्यात असतं. दुसऱ्या दिवशी पहाटे सव्वासहाला वल्ह्याची छोटी होडी सांगून ठेवा, इंजिन नको. हाउसबोट जिथे शिरत नाही त्या कालव्यांत ती नेते. बाबांना होडीत बसणं जमणार नाही. त्यांच्यासाठी होमस्टेवाल्याकडून बांधावर एक खुर्ची मागून घ्या आणि जाता-येता तुमची होडी त्यांच्यासमोरून जाईल असं होडीवाल्याला सांगा.